अनुसया काय म्हणाली

एकशे बाराव्या पानावर अनुसयेने शेषेरावाला व्हिडिओ कॉल लावला, आणि गुरुलिंगअप्पा खानापुऱ्यांनी पुस्तक टेबलावर पालथं टाकून बायकोला आत हाक मारली. गुरम्माकाकू हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या. त्या ताट घेऊनच दारात आल्या.

"ऐक तरी, काय लिहून ठेवलंय ते," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी ते पान वाचून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची अनुसया नातीच्या मोबाइलसमोर केस विंचरून बसते. पलीकडे शेषेराव टोपी नीट करतो. नात शिकवते तसा दोघं बोटांचा बदाम करून एकमेकांना दाखवतात. गुरम्माकाकूंना हसू आवरेना. म्हाताऱ्यांनी हौस केली तर कुणाच्या पोटात का दुखावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. अप्पांनी लाल पेन उचललं आणि समासात एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांचं दुखणं साधं नव्हतं. भागीरथी औरादकरांची 'कवठाखालची वाट' ही कादंबरी त्यांनी सोळाव्या वर्षी वाचली, आणि त्यानंतर किती वेळा वाचली याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. एकोणीसशे चौसष्टची पहिली आवृत्ती त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होती. तीनशे पानांत शेषेराव मास्तर अनुसयेचा हातसुद्धा धरत नाही. कवठाच्या झाडाखालून ती पाण्याला जाते, तो शाळेला जातो, एवढंच चालतं. शेवटी तिचं लग्न बिदरकडे ठरतं, आणि अहमदपूरला मोटारीत चढताना ती वळून त्याला दोन शब्द म्हणते, 'जाते मी.' निघताना बाईनं 'येते' म्हणावं, ही रीत तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. ते दोन शब्द वाचून लातूर-नांदेडकडच्या दोन पिढ्यांनी डोळे पुसले होते.

आणि आता ही कुणी वर्षाराणी बिरादार, अहमदपूर तालुक्यातली शाळामास्तरीण, 'पुन्हा कवठाखाली' नावाचा पुढचा भाग घेऊन आली होती. त्यात अनुसया परत येते. नुसती येत नाही, तर मुलांशी भांडून येते, शेषेरावाशी रजिस्टर लग्न करते, आणि शेवटी कवठाच्या झाडाखाली केक कापला जातो. अप्पांना जुन्या पुस्तकांच्या शेपट्यांचा आधीच तिटकारा होता. मेलेल्या लेखकाच्या घरात शिरून त्याच्याच चुलीवर स्वतःची खिचडी शिजवायची, असं ते म्हणायचे. पण केकपर्यंत मजल गेलेली त्यांनी प्रथमच पाहिली.

आयुष्यभर त्यांनी लातूरच्या छापखान्यांतून प्रुफं तपासली होती. निवृत्तीनंतर एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ते अधूनमधून पुस्तकांवर लिहीत. या पुस्तकावरचा लेख त्यांनी एका बैठकीत लिहिला, आणि शेवट करताना त्यांना स्वतःलाच गुदगुल्या झाल्या. 'ज्या लेखिकेला जाते आणि येते यांतला फरक कळत नाही,' त्यांनी लिहिलं, 'तिने पुढचा भाग लिहिण्याआधी मागचा वाचायला शिकावं.'

लेख गाजला. वाचनालयातल्या मंडळींनी पाठ थोपटली. शेवटचं वाक्य कापून लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरवलं, आणि ते फिरत फिरत अप्पांच्याच मोबाइलवर चार ठिकाणांहून आलं. नांदेडच्या एका वाचक मंडळाने वर्षाराणीला गप्पांसाठी बोलावलं होतं. त्यांनी तिचा कार्यक्रम रद्द केला आणि त्याच तारखेला अप्पांनाच भाषणाला बोलावलं. अप्पांनी फोनवर थोडे आढेवेढे घेतले आणि होकार दिला. तिच्या जागेवर आपण बसतोय, हे त्यांना तेव्हा खटकलं नाही.

बुधवारी दुपारी दारात एक तिशीतली बाई उभी होती. कपाळाला विभूतीची पुसट बोटं, खांद्याला कापडी पिशवी. "शरणु," म्हणत ती वाकली आणि तिने आपलं नाव सांगितलं. अप्पांनी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. पण ती भांडायला आल्यासारखी दिसत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून तिने सांगितलं, की अर्धी रजा टाकून आलेय, गाऱ्हाणं काही नाही, एक शंका आहे.

"अप्पा, तुम्ही कोणती आवृत्ती वाचलीत?"

प्रश्न ऐकून अप्पा खुशीत उठले. कपाटातून पिशवी काढली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि न बघता शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. मोठ्याने वाचूनही दाखवलं.

"'जाते मी,' अनुसया म्हणाली. निघताना असं कुणी म्हणत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं."

वर्षाराणीने ओळींखाली बोट धरून ते दोनदा वाचलं. मग तिने पिशवीतून आपली प्रत काढली. दुसरी आवृत्ती, पाठीला चिकटपट्टी, आत निळ्या शाईने तिच्या आईचं नाव. तिनेही शेवटचं पान उघडलं. 'येते मी,' अनुसया म्हणाली, आणि तिथेच पुस्तक संपलं होतं.

तिची आई मागच्या वर्षी वारली होती. आई नेहमी म्हणायची, की अनुसया 'येते' म्हणाली म्हणजे ती येणारच. औरादकरबाईंना पुढचं लिहायला फुरसत झाली नाही, एवढंच. आईचं ऐकून ऐकून आपल्यालाही तेच खरं वाटायला लागलं आणि म्हणून आपण ते लिहून काढलं, असं तिने सांगितलं. सांगताना तिचा आवाज कुठे हलला नाही.

अप्पांचं मात्र डोकं तापलं होतं. सोळाव्या वर्षापासून ज्या दोन शब्दांवर ते जीव टाकत आले होते, ते कुणीतरी असे बिघडवून ठेवले होते.

"कुण्या गाढवानं केलं हे?" ते म्हणाले. "ज्याला 'जाते' समजत न्हाई त्याच्या हातात प्रुफं दिली कुणी? असल्या माणसाचे हात कलम करायला पाहिजेत."

वर्षाराणीने पुस्तक मिटलं.

"असू द्या अप्पा. मीच दोन्ही आवृत्त्या बघायला पाहिजे होत्या."

ती पुस्तक पिशवीत घालायला लागली. अप्पांनी हात पुढे केला. छापखाना कुठला होता ते त्यांना बघायचं होतं. राहू द्या ना, ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली. अप्पांनी जवळजवळ ओढूनच पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उलटलं. दुसरी आवृत्ती, १९८८. खाली छापखान्याचं नाव, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, 'मुद्रितशोधन: गुरुलिंग खानापुरे, लातूर.'

ती खाली फरशीकडे बघत होती. तिने हे नाव आधीच वाचलं होतं. ते वाचूनच ती अहमदपूरहून आली होती, की ज्यांनी 'येते' तपासून छापायला दिलं तेच आता 'जाते' म्हणतात, हे कसं काय? आणि अप्पांनी गाढव म्हटल्यावर तीच त्यांची लाज झाकायला बघत होती. अप्पांचे कान गरम झाले.

तेवढ्यात गुरम्माकाकू चहा घेऊन आल्या, आणि अप्पांच्या तोंडून निघून गेलं,

"दगडोबा म्हणून एक जुळारी होता तिथं. अक्षरांचे खिळे जुळवायचा. शेवटच्या घडीला त्यानंच काहीतरी घोटाळा केला असंल."

"कोण, दगडोबा?" गुरम्माकाकू म्हणाल्या. "गेला की हो बिचारा." मग त्यांनी कुठलं साल म्हणून विचारलं, आणि अठ्ठ्याऐंशी ऐकून त्यांचा चेहरा फुलला. शिवलिंग झाला ते साल, त्यांनी पाहुणीला सांगितलं, आणि हैदराबादला नोकरीला असलेल्या मुलाचा भिंतीवरचा फोटो दाखवला.

वर्षाराणीने अर्धा चहा घेतला. निघताना तिने पहिली आवृत्ती चार दिवस वाचायला मागितली. ते पुस्तक अप्पा कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी पिशवीसकट दिलं.

ती गेल्यावर ते आरामखुर्चीत बसून राहिले. सगळं विसरलो होतो, असं स्वतःला सांगून बघितलं, पण ते पुरतं खरं नव्हतं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हापासून त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. कागद हलका आहे, खिळे झिजलेले आहेत, असं काहीबाही कारण ते सांगत आले होते.

अठ्ठ्याऐंशी साली गुरम्माला सातवा लागला होता. त्याच्या आधीचं मूल सातव्यातच गेलं होतं, आणि त्या वेळी तीही जेमतेम वाचली होती. तिला माहेरी उदगीरला न्यायला तिचा भाऊ आला होता. लातूरच्या स्टँडवर गाडीला ही गर्दी, कशीबशी दारात चढली, आणि पिशवी सांभाळत घाईघाईत म्हणाली, "जाते हो." तिच्या लक्षातही आलं नाही. येते म्हण, येते म्हण, असं अप्पा खालून ओरडले, पण गाडी हलली होती. घरी जाऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. शिकलेला माणूस, रोज शंभर पानं तपासणारा, एका शब्दाला भ्याला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्याच आठवड्यात 'कवठाखालची वाट'ची शेवटची प्रुफं टेबलावर आली. 'जाते मी'पाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी 'जा' खोडून 'ये' लिहिलं. तसं केल्यावर पुढचं वाक्य लोंबकळायला लागलं, म्हणून तेही काढून टाकलं. संध्याकाळी दगडोबा हातात ओलं प्रूफ घेऊन आला होता. साहेब, बुकात 'जाते' हाय, तो म्हणाला, अन् एक वाक्य बी कमी व्हतंय. मी सांगतो तसं जुळव, असं अप्पा त्याच्यावर खेकसले होते. दगडोबा चौथी शिकलेला. त्याला जे खटकलं होतं, त्याचं खापर आज त्यांनी त्याच्याच डोक्यावर फोडलं होतं, आणि तेही तो गेल्यावर.

गुरम्मा पाच महिन्यांनी बाळ घेऊन आली. औरादकरबाई तोवर वारल्या होत्या. विचारणारं कुणी नव्हतं. म्हणजे पुढचा भाग लिहायची पहिली हौस त्यांनीच केली होती, आणि तीही बाईंच्या नावावर. वर्षाराणीनं निदान वेगळं पुस्तक लिहून त्यावर स्वतःचं नाव घातलं होतं. तिचं पुस्तक वाईट होतं, याबद्दल त्यांचं मत आताही बदललं नव्हतं. केक केकच होता. पण मागचा भाग वाचायला शिक असं तिला सांगायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी नांदेडला फोन करून घसा बसल्याचं सांगितलं. बोलताना आवाज मुद्दाम घोगरा काढला, आणि फोन ठेवल्यावर त्याचीही लाज वाटली. शुक्रवारी ते शुद्धिपत्र लिहायला बसले. जन्मभर दुसऱ्यांची शुद्धिपत्रं त्यांनी पुस्तकांच्या मागे चिकटवली होती. कुठल्या पानावर काय चुकलं, काय हवं, एवढंच लिहायचं असतं. स्वतःचं लिहायला तीन कागद गेले. पहिल्यावर 'छापखान्याकडून' असं होतं, ते त्यांनी फाडलं. शेवटी जमलं ते असं: 'कवठाखालची वाट या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत अखेरीस जाते ऐवजी येते असे छापले गेले. हा बदल प्रस्तुत मुद्रितशोधकाकडून अनवधानाने झाला. श्रीमती वर्षाराणी बिरादार यांचा यात दोष नाही. मी दिलगीर आहे.'

शनिवारी संध्याकाळी पाकीट बंद करण्याआधी त्यांनी ते गुरम्माकाकूंना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं होतं, की ती म्हणेल, बरं केलंत. गुरम्माकाकूंनी कागद उलटून मागची बाजू बघितली.

"म्हंजे दगडोबाचं काय न्हाई यात?"

"न्हाई."

"अन् पोरीला तुम्ही दगडोबा सांगितलात. माझ्यादेखत."

अप्पांनी पाकिटाची कड बोटाने दाबली. उद्या सकाळी टाकतो, पुढच्या रविवारी छापून येईल, असं ते म्हणाले.

"माफी काय छापून मागत्यात व्हय?" गुरम्माकाकू म्हणाल्या. "पेपर समदे वाचतील. तिच्या तोंडावर कोण बोलंल? उद्या अहमदपूरला जायचं आपण."

सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी अप्पांनी बाहेर बघितलं नाही. ती घरी नसावी, असं त्यांना मनातून वाटत होतं. ती होती. अंगणात चादरी वाळत घालत होती. दोघांना बघून तिने हात पुसले, खुर्च्या आणल्या, वडील शेताकडे गेलेत म्हणून सांगितलं. गुरम्माकाकू बसल्या. अप्पा बसले नाहीत.

"बोला आता," गुरम्माकाकू म्हणाल्या.

"दगडोबाची चूक नव्हती," अप्पा म्हणाले. "माझी होती. अन् मी तुला पेपरात जे बोललो, ते मला बोलायचा अधिकार नव्हता."

एवढं बोलून त्यांनी पाकीट पुढे केलं. वर्षाराणीने कागद उघडला आणि उभ्याउभ्याच वाचला. तिचा चेहरा निवळेल म्हणून अप्पा बघत होते. तिने कागद पुन्हा वाचला, मग आत जाऊन दोन्ही पुस्तकं घेऊन आली आणि शेवटची पानं उघडून खुर्चीवर शेजारी शेजारी ठेवली.

"अप्पा, मी रोज चाळीस वह्या तपासते," ती म्हणाली. "अनवधानानं अक्षर चुकतं, मला कळतं ते. पण इथं एक आख्खं वाक्य गेलंय. वाक्य असं आपलं आपण जात नाही."

अप्पांनी पानांकडे बघितलं. बघायची गरज नव्हती.

"तुम्ही म्हणाल तेच छापून येऊ द्या," ती पुढे म्हणाली. "मी कुठं काही बोलणार नाही. पण माझी आई तो शब्द धरून जगली. मी काय समजायचं, तेवढं मला सांगा."

पेपरातून सुटका झाली असती. ही मुलगीही त्यांना सोडूनच देत होती, बुधवारी दिलं होतं तसंच. पण तिच्या या समजूतदारपणाखाली उभं राहणं आता त्यांना जमेना. त्यांनी खिशातलं पेन काढलं, तिच्याकडून कागद मागून घेतला, पायरीवर बसून तो गुडघ्यावर धरला आणि 'अनवधानाने' या शब्दावर आडवी रेघ मारली. सवयीने समासात खूण केली आणि खुणेपुढे नवा शब्द लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही.

"काय बदललं?" गुरम्माकाकूंनी विचारलं. चष्मा त्या घरीच विसरल्या होत्या.

वर्षाराणीने कागद घेतला आणि वाचून दाखवलं, "हा बदल प्रस्तुत मुद्रितशोधकाकडून जाणूनबुजून झाला."

"जाणूनबुजून?" गुरम्माकाकूंनी नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांनी या माणसाला एकेका वेलांटीसाठी छापखान्याशी भांडताना पाहिलं होतं. "तुम्ही? कशापायी?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. या वयात, परक्या मुलीसमोर, तिच्या अंगणात बसून हे सांगायचं म्हणजे त्यांना गाढव ठरण्याहून अवघड वाटत होतं. त्यांनी बायकोकडे न बघता, वाळत घातलेल्या चादरीकडे बघत सांगितलं.

"त्या साली उदगीरच्या गाडीत चढताना," ते म्हणाले, "तू 'जाते' म्हणाली होतीस."

गुरम्माकाकूंचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. वर्षाराणी पाणी आणते म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.